मदत हवी आहे : बंद पडलेली पोर्शे ९४४ घ्यावी का?

न्यू जर्सीत १९८६ सालची पोर्शे ९४४ (२.५ लिटर, टर्बो नसलेली) १,८०० डॉलरला विक्रीस आहे. चालू गाडी रस्त्यातच एकाएकी बंद पडली आणि तेव्हापासून उभीच आहे, असे मालक सांगतात. कागदपत्रे स्वच्छ आहेत. पत्रा शाबूत आहे, मात्र बॅटरीखालचा ट्रे गंजून पाणी आत झिरपल्यामुळे पुढचा गालिचा ओला आहे.

या इंजिनात टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा दातेरी पट्टा) तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, म्हणून आधी तेच तपासले. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण काढून स्टार्टर मारला असता आतला रोटर फिरतो; तो याच बेल्टवर फिरतो, म्हणजे बेल्ट तुटलेला नाही. पण तो दात सोडून सरकला असण्याची शक्यता उरतेच. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नाही, त्यामुळे माझा संशय फ्लायव्हीलजवळच्या, इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. डीएमई रिले (इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) दुसरा, चांगला बसवून पाहिला, फरक पडला नाही.

मालक प्लग काढू देतील, परंतु बेल्टचे कव्हर उघडणे किंवा पैसे देण्याआधी गाडी गॅरेजमध्ये नेणे त्यांना मान्य नाही. दुरुस्ती मी घरीच करणार असून खरेदी धरून ५,००० डॉलरच्या वर जाता येणार नाही.

ज्यांनी हे इंजिन स्वतः उघडले आहे त्यांना विचारतो : प्लगच्या जागी गेज लावून मोजलेले चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) सारखे आणि चांगले आले, तर व्हॉल्व्ह शाबूत आहेत असे खात्रीने मानून व्यवहार करावा का?