मदत हवी आहे: माजघराची भिंत झिरपतेय, चतुर्थीला नऊ दिवस, प्लंबर मिळत नाही

देवगड तालुक्यात आमचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे. घरात मी आणि सासूबाई दोघीच. हे मुंबईला असतात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतील. मोरी आणि माजघर यांच्या मधली भिंत ओली झालीय आणि त्याच भिंतीपुढे आमचा गणपती बसतो, वर माटवी (फळा-पानांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधतात. म्हणून जीव खालीवर होतोय.

आधी पावसाची ओल वाटली. श्रावणात आमच्याकडे मिठापासून गाद्यांपर्यंत सगळंच ओलं असतं. पण पावसाची ओल वरून किंवा कोपऱ्यातून उतरते. ही कमरेएवढ्या उंचीवर भिंतीच्या मधोमध सुरू झाली आणि चहूबाजूंनी पसरली. मध्ये दोन दिवस चांगलं ऊन पडलं, तरी कमी झाली नाही.

मग रात्री सगळे नळ बंद केले, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद केला. गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून आत काठी धरली आणि पाणी लागलं तिथे खूण केली. सकाळी पाणी ३ सेंटीमीटर उतरलेलं. टाकी ५०० लिटरची, रुंदी साधारण ९० सेंटीमीटर. म्हणजे आठ तासांत १९ लिटरच्या आसपास पाणी भिंतीत गेलं. दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पुन्हा मोजलं तर खूण जागच्या जागी. म्हणजे टाकी चांगली आहे, गळतोय तो पाइप.

टाकीपासून खाली घराबाहेरून पांढरा पीव्हीसी पाइप येतो. भिंतीत शिरताना तो अर्ध्या इंची जीआयला, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपाला, जोडलाय. हा जीआय चिऱ्यात गाडलेला, पंचवीस वर्षांपूर्वीचा, आणि मोरीतला नळ त्याच्यावर. गरम पाण्याची लाइन नाही.

तीन प्लंबरना फोन केले. गणपती तोंडावर आलेत, घरोघरी चाकरमानी यायचेत, तिघांनीही चतुर्थीनंतरचं सांगितलं. त्यांचंही खरं आहे. सध्या सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास व्हॉल्व्ह उघडते, पिंप आणि हंडे भरून घेते. पण घरात पंधरा माणसं आल्यावर हे चालणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी मी मागे नसले की विहिरीवर रहाट ओढायला जातात.

मला स्वतःला करायचंय. हॅक्सॉ आहे, पाइप पाना शेजारून मिळेल. चिरा फोडून गळकी जागा शोधू का? आणि सापडलीच तर तिथे काय लावू?

प्रतिसाद: एम-सील लावा ताई. आमच्या नळाच्या सांध्याला लावलंय, दोन वर्षं झाली.

प्रतिसाद: वरच्यांच्या नळाला ते टिकलं कारण तो सांधा कोरडा करून घासता आला असेल. ओल्या, गंजलेल्या पाइपावर एम-सील धरत नाही. आणि चिरा फोडूच नका. गळती ओल दिसते तिथेच असेल असं नाही. चिरा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून वाट काढत दुसरीकडेच फुटतं. तुम्ही हातभर भिंत फोडाल आणि पाइप तिथे धड निघेल. समजा जागा सापडली, तरी पंचवीस वर्षांच्या जीआयवरचा जस्ताचा थर संपलेला असतो. आपल्याकडे खारी हवा, त्यात जांभ्याच्या भागातल्या विहिरींचं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी. एक भोक बुजवलं की वीतभर पुढे दुसरं पडतं.

मी गिरणीत फिटर होतो. माझं ऐका, तो पाइप भिंतीत तसाच मरू द्या. बाहेरच्या पीव्हीसीला जीआयच्या वर अर्ध्या फुटावर कापा आणि तिथून नवी लाइन उघडी न्या. मोरीला झरोका असेल तर त्यातूनच आत घ्या, भोक पाडायला नको. आत भिंतीवर क्लॅम्प मारून शेवटी ब्रासच्या आट्यांचा एल्बो आणि त्यावर नळ. गरम पाणी नाही, त्यामुळे सीपीव्हीसीचा खर्च करू नका. बाहेर आहे तोच पीव्हीसी घ्या, जोड चिकटवायचं सोल्युशनही पीव्हीसीचंच मागा. जोडाला घाबरू नका. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला १ किलो असतो. तुमची टाकी नळापासून ४ मीटर वर असेल तर दाब अर्ध्या किलोच्याही आत आला.

प्रतिसाद: त्या भिंतीवर विजेचा बोर्ड आहे का? असेल तर आधी मेन स्विच बंद करा, बाकी सगळं नंतर. ओल्या भिंतीतल्या वायरिंगला हात लावून बघायचं नसतं.

धागाकर्ती: बोर्ड आहे, माजघराच्या बाजूने, ओलीपासून दोन हातांवर. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, तुमचे खरंच आभार. वायरमन लगेच आले, त्या बोर्डाची लाइन त्यांनी वेगळी करून ठेवलीय. मोरीला झरोका आहे. जामसंड्याहून पाइप, चार एल्बो, एक सॉकेट, ब्रास एल्बो, क्लॅम्प, टेफलॉन टेप आणि सोल्युशनचा लहान डबा आणलाय. फिटरदादा, सोल्युशन लावताना काय सांभाळू? बाहेर पावसाची रिपरिप आहे.

प्रतिसाद: आधी सगळं कोरडंच जुळवून बघा आणि प्रत्येक जोडावर पेन्सिलीने खूण करा. सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. पाइप काटकोनात कापा, आतला कीस चाकूने काढा. व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करा आणि कापलेल्या टोकातून थेंब यायचा थांबेपर्यंत थांबा. घाई इथेच नडते. वर छत्री धरायला कुणाला तरी उभं करा. सोल्युशन पाइपाला बाहेरून आणि एल्बोला आतून, पातळ. पाइप पाव फेरा फिरवत खूण येईपर्यंत आत दाबा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. या हवेत रात्रभर पाणी सोडू नका.

धागाकर्ती: काल केलं. छत्री सासूबाईंनी धरली, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. सोल्युशनचे जोड सगळे कोरडे आहेत. आज सकाळी व्हॉल्व्ह उघडला तर फक्त नळाच्या आट्यांतून थेंब येत होता. नळ काढून पाहिला तेव्हा कळलं, टेप मी उलटी गुंडाळली होती, नळ फिरवताना ती सुटत गेली. नळाचं आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दहा-बारा वेढे दिले आणि थेंब थांबला. मग सगळे नळ बंद करून काठीची खूण पुन्हा केली. सहा तास झाले, पाणी तिथेच आहे.

भिंत अजून ओली आहे. वाडीतल्या गवंडीकाकांना दाखवली. ते म्हणाले, "चिरो पाणी पिता, पण बेगीन सोडणा नाय." रंगाचे सुटलेले पोपडे खरवडून भिंत उघडी ठेव, आत्ता वर ऑइल पेंट मारलास तर ओल आतच कोंडेल, असं त्यांनी बजावलंय. म्हणून या वर्षी माटवी भिंतीपासून हातभर पुढे बांधायची ठरलीय, मागे नवा पडदा लावू. ह्यांना फोटो पाठवलेत. बाहेरच्या पाइपाला उघडीप मिळाली की रंगाचा हात देते. भिंतीचा गिलावा काढायचा की ठेवायचा, ते गणपती गेल्यावर इथेच विचारेन.