सगळ्या विषयांतील संशोधकांना एकाच तागडीत तोलायचे का?

टेकडीवाले (धागाकर्ते)

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, आमच्या भागातील एक जुने वाचनालय पुणे परिसरात काम करणाऱ्या एका संशोधकाचा सन्मान करते. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अकरा हजार रुपये असे त्याचे साधे स्वरूप आहे. मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक असून यंदा प्रथमच निवड समितीवर आहे. समितीच्या बैठकीत जे घडले ते मला अजून बोचते आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

समितीपुढे शेवटी तीन फायली उरल्या होत्या. एक पदार्थरसायनातील संशोधकाची, दुसरी गव्हाच्या पैदासकाराची आणि तिसरी गणितात काम करणाऱ्या एका बाईंची. तिन्ही फायलींच्या वरच्या कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने एकेक आकडा लिहून ठेवला होता: ४६, ७ आणि ५. हा एच-निर्देशांक. ज्याच्या ४६ शोधनिबंधांना प्रत्येकी निदान ४६ वेळा इतरांनी संदर्भ म्हणून घेतले, त्याचा निर्देशांक ४६. गणिताची फाईल चहा येण्याआधीच बाजूला गेली आणि गव्हाची चहानंतर. तिन्ही फायलींतला एकही शोधनिबंध समितीतील कोणी उघडून वाचला नव्हता, आणि त्यात मीही आलो.

हा निर्देशांक २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, आणि जीवशास्त्रातील आकडे भौतिकशास्त्रातील आकड्यांपेक्षा चढे असतात हे त्यानेच त्या वेळी नमूद केले होते. गणितात लेख थोडे, प्रत्येक लेखाखालची संदर्भयादी आखूड आणि वाचणारेही मोजकेच असतात. एखादी सिद्धता दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडायला दहा-वीस वर्षेही जातात. मग ४६ आणि ५ हे आकडे शेजारी ठेवून आपण नेमके काय मोजतो?

देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर हे आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. कोणताही चार अंकी आकडा घ्यावा (चारही अंक सारखे नसावेत), त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले अंक वजा करावेत आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कोठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. हा माणूस जगाला ठाऊक झाला तो मार्टिन गार्डनर या अमेरिकी गणितलेखकाने १९७५ साली आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर, कारण गार्डनर यांनी ते गणित करून पाहिले होते. आमच्या बैठकीत कापरेकरांची फाईल आली असती, तर तीही चहाआधीच गेली असती.

माझे म्हणणे असे आहे की वेगवेगळ्या विषयांतील माणसे एकमेकांसमोर उभी करूच नयेत. एका वर्षी एकच विषय घ्यावा, त्या विषयातील दोन जाणकारांनी प्रत्येकाची निवडक दोन-तीन कामे प्रत्यक्ष वाचावीत, आणि या माणसाने नेमके काय केले हे मानपत्रात सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत लिहावे. तसे लिहिता येत नसेल, तर आपण त्या कामाचा नव्हे, आकड्याचा सन्मान करतो आहोत असे समजावे.

घोडेगावकर

टेकडीवाले सर, आपली कळकळ पोहोचली, परंतु मी आपल्याशी सहमत नाही, आणि असहमत होण्याचे कारण माझ्या पोटातले आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात एकवीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे. माझा मार्गदर्शक कोणी मोठा नव्हता, माझे नाव घेणारे कोणी दिल्लीत बसलेले नाही, आणि पाषाण रस्त्यावरील मोठमोठ्या संस्थांच्या फाटकातून मी आत गेलो तो फक्त यंत्रावर नमुने तपासून घेण्यासाठी, तोही रांगेत थांबून. 'विषयातील दोन जाणकार' असे आपण म्हणता, तेव्हा ते जाणकार कोणाला ओळखत असतील? एखाद्या लहान उपशाखेत सगळ्या देशात मिळून फार तर पन्नास-साठ माणसे काम करतात, ती एकमेकांची परीक्षक असतात आणि एकमेकांच्या शिष्यांची लग्नेही त्यांनी पाहिलेली असतात. तेथे मी परकाच असतो. आकड्याला मात्र माझे गाव कळत नाही.

दर वर्षी 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञ' म्हणून जी यादी येते, आणि जिच्यानंतर आपल्या महाविद्यालयांच्या फाटकांवर फोटोसह फ्लेक्स लागतात, तिची मर्यादा मलाही ठाऊक आहे. परंतु ती यादी करणाऱ्यांनी विषयांचे २२ मोठे आणि १७४ लहान गट पाडले आहेत, माणसाची तुलना त्याच्या गटातच होते, आणि स्वतःचेच लेख संदर्भ म्हणून देऊन वाढवलेला आकडा वगळला तर काय उरते हेही त्यात दाखवले जाते. आपल्या समितीने चूक केली ती आकडा वापरण्यात नव्हे, कच्चा आकडा वापरण्यात. गणिताच्या बाईंचा ५ हा आकडा गणितातल्याच लोकांशी ताडून पाहिला असता, तर कदाचित त्या पहिल्या आल्या असत्या.

ओंबी

गव्हाच्या फायलीचा उल्लेख वाचून राहवले नाही. ती फाईल कोणाची हे मला माहीत नाही, परंतु पैदासकाराच्या हाताखाली मी अठरा वर्षे शेतावर काम केले आहे. त्या फायलीत काय लिहिलेले नसते, तेवढे सांगते.

गव्हाचे फूल स्वतःच स्वतःला फळवते. त्यामुळे दोन वाणांचा संकर करायचा असेल, तर फूल उमलण्याआधी ओंबीतील एकेक फूल चिमट्याने उघडून त्यातील तिन्ही परागकोश काढावे लागतात. एकही मागे राहिला किंवा फुटला, तर त्या फुलावरची मेहनत वाया जाते. मग त्या ओंबीवर कागदाची पिशवी चढवून तारीख लिहायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून आत सोडायचे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोटे इतकी आखडतात की चिमटा धरवत नाही. हे करून जे मूठभर दाणे मिळतात, त्यांच्या पुढच्या पिढ्या वर्षानुवर्षे पेरून निवडायच्या, मुद्दाम तांबेरा रोग पाडून कोणते झाड तग धरते ते पाहायचे, आणि मग ठिकठिकाणच्या चाचण्या. एक वाण शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत दहा वर्षे सहज जातात, आणि बहुतेक संकर त्या वाटेवरच संपतात.

या दहा वर्षांतून शोधनिबंध निघतो तो एखादा, कधी तोही नाही. आघारकर संशोधन संस्थेचे 'एमएसीएस' नावाने सुरू होणारे गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण कितीतरी शेतकऱ्यांना पाठ आहेत; ते बियाणे पेरणारा माणूस खाली संदर्भयादी जोडत नाही. घोडेगावकर सर, तुमचा आकडा कितीही नीट चाळून घेतला, तरी तो छापील कागदावरच मोजणार. ज्या कामाचे फळ पोत्यात भरले जाते, त्याला तो कोणता गट देणार?

वयाच्या अटीविषयीही थोडे बोलले पाहिजे. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला आणि पुढे त्याला ४५ वर्षांची मर्यादा ठरली; गणितातील फील्ड्‌स पदक तर चाळिशीच्या आतल्यांनाच मिळते. पैदासकाराचा पहिला वाण येईपर्यंत तो कित्येकदा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, आणि मुलांच्या जन्मानंतर काही वर्षे मागे पडलेल्या बाईचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. तुमच्या वाचनालयाने वयाची अट घातलेली नसावी अशी आशा करते.

खोडदची वाट

तिन्ही फायली एकेका माणसाच्याच कशा, हा माझा प्रश्न आहे.

नारायणगावाजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली, आणि भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरल्यामुळे ती आपल्या खिशाला परवडली. त्यांचे नाव घेतलेच पाहिजे. परंतु ती जाळी ताणणारे, वाऱ्यात तबकडी स्थिर ठेवणारी यंत्रणा जुळवणारे आणि रात्रपाळीला संकेत तपासणारे शेकडो लोक कोणत्या मानपत्रात येतात? गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल २०१७ चे नोबेल तिघांना मिळाले, कारण एका पारितोषिकाचे वाटेकरी तिघांहून अधिक करायचे नाहीत असा तेथील नियम आहे. त्या शोधाच्या निबंधावर मात्र हजारभर नावे होती, आणि त्यांत आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील माणसेही होती. आदल्याच वर्षी ब्रेकथ्रू पुरस्कार देणाऱ्यांनी त्या हजारभर जणांना वाटा दिला, म्हणजे तसे करता येते. आपल्या सरकारनेही २०२४ पासूनच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत चमूसाठी वेगळा विभाग ठेवला असून पहिल्या वर्षी तो चांद्रयान-३ च्या चमूला दिला गेला. वाचनालयानेही एखाद्या वर्षी एखाद्या प्रयोगशाळेच्या कार्यशाळेला मानपत्र द्यावे, असे मी सुचवतो.

शनिवारातले

'एका वर्षी एकच विषय' या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. विषयांच्या कुंपणांनी माणसांचे नुकसानच अधिक झाले आहे. ॲना मणी यांनी बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांवर काम केले, पदव्युत्तर पदवी नाही या कारणाने त्यांना पीएच.डी. नाकारली गेली, आणि पुढे पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच तयार होतील अशी व्यवस्था लावली. त्यांना भौतिकशास्त्राच्या वर्षी बोलावणार, हवामानशास्त्राच्या की अभियांत्रिकीच्या? दहा विषय फिरवत ठेवले, तर चुकलेल्या माणसाची पाळी पुन्हा दहा वर्षांनी येणार, आणि तोवर तो असेलच असे नाही. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतील २०२५ चा विज्ञानरत्न खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांना मरणोत्तर जाहीर झाला. त्यांना हयातीत पुष्कळ मानसन्मान मिळाले, म्हणून ती गोष्ट सोसवली. ज्याला पहिलाच सन्मान मरणोत्तर मिळतो त्याचे काय?

शिवाय विज्ञान म्हणजे प्रयोगशाळाच असे आपण सगळे धरून चालला आहात. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली. शेकडो हस्तलिखितांतील पाठ श्लोकागणिक ताडून पाहणे हेही शास्त्रच आहे.

टेकडीवाले

शनिवारातले, आपला पाळीचा मुद्दा मला मान्य आहे आणि विषय फिरवण्याची सूचना मी मागे घेतो. भांडारकर संस्थेविषयी वाद नाही, परंतु विज्ञान दिनाचा हा सन्मान तेवढ्यापुरता मर्यादित ठेवावा असे मला वाटते. ओंबीताई, वयाची अट आमच्याकडे नाही.

घोडेगावकर सरांच्या लिखाणाने मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही, कारण ओळखीपाळखीचा रोग मी माझ्या नोकरीतही पाहिला आहे. म्हणून एक बदल सुचवतो. जाणकारांपैकी एक पुण्याबाहेरचा असावा, आणि त्याने दिलेले मत नावासह वाचनालयाच्या फलकावर लावावे. आकडा पाहायचाच असेल, तर तो वाचून झाल्यावर, आणि सरांनी म्हटल्याप्रमाणे त्याच विषयातील इतरांच्या शेजारी ठेवून पाहावा. वाचन टाळण्यासाठी आकडा नको, एवढ्यावर मी अडून आहे.

घोडेगावकर

नावासह मत जाहीर होणार असेल, तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा तसाच आहे. आपण म्हणता तसे मानपत्र गव्हाचे लिहिता येईल, दुर्बिणीचे लिहिता येईल, कारण तेथे दाखवायला काहीतरी आहे. गणिताच्या बाईंचे लिहून दाखवा. ज्यांचे काम सोप्या मराठीत मावत नाही, त्यांना आपली कसोटी पुन्हा मागेच ठेवणार, फक्त या वेळी कारण वेगळे असेल.

टेकडीवाले

आपला प्रश्न रास्त होता, म्हणून काल त्या बाईंना दूरध्वनी करून वेळ मागितली आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्या गाठींच्या गणितात काम करतात, हे फाईलीत पहिल्याच पानावर लिहिलेले होते आणि मी ते तेव्हा वाचले नव्हते.

देवघरातल्या फुलपुडीचा दोरा त्यांनी सोडवून घेतला, त्याला एक गाठ मारली आणि दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकली. मग दुसरा दोरा घेऊन बराच गुंता केला, त्याचीही टोके जोडली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवून विचारले, 'या दोन्ही एकच गाठ आहेत का, हे न कापता सांगता येईल का?' मी पंधरा मिनिटे तो गुंता ओढून-ताणून पाहिला. दुसऱ्या दोऱ्यात मुळात गाठच नव्हती, तो नुसताच पिळलेला होता, आणि हे मला त्यांनी सावकाश उलगडून दाखवल्यावर समजले. असा गुंता हजारो पिळांचा असेल तेव्हा हाताने उलगडणे शक्य नसते, म्हणून गुंत्यातून एक राशी काढतात. ती राशी गुंता कसाही हलवला तरी बदलत नाही. दोन गुंत्यांच्या राशी वेगळ्या निघाल्या, तर गाठी नक्की वेगळ्या. राशी सारख्या निघाल्या, तर मात्र खात्री देता येत नाही, आणि ज्या गाठींना जुन्या राशी फसत होत्या त्यांतल्या एका कुळासाठी बाईंनी नवी राशी शोधली आहे. त्यांच्या एकूण अकरा निबंधांपैकी सहा त्यावरच आहेत.

रात्री बसून मानपत्राचा मजकूर लिहिला तो असा: 'दोन गाठी न सोडवता त्या वेगळ्या आहेत हे ओळखण्याची, जुन्या कसोट्या जेथे अपुऱ्या पडत होत्या तेथे चालणारी एक नवी कसोटी यांनी शोधली.' बाईंना वाचून दाखवला. 'वेगळ्या आहेत' हे शब्द त्यांनी ठेवायला सांगितले आणि 'ओळखण्याची' याच्याऐवजी 'सिद्ध करण्याची' असे करून घेतले. समितीची पुढची बैठक रविवारी आहे. तेथे हे वाक्य आणि दोन्ही दोरे घेऊन जाणार आहे. गव्हाच्या फाईलीसाठी ओंबीताईंनी असेच एक वाक्य तपासून दिले, तर तेही सोबत नेतो.

ओंबी

आज रात्रीपर्यंत पाठवते. त्यात वाणाचे नाव आणि तो कोणत्या साली शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला ते लिहावे लागेल, तेवढे फाईलीतून पाहून कळवा.