राहायला पुण्यात, मत गावाकडं: यादीतलं नाव हलवावं का नको?

मांजराकाठ:
आपल्याकडची तरणी माणसं चाकण, हिंजवडी, वाळूज, पनवेलला कामाला. भाडं तिकडं भरतात, लेकरं तिकडच्या शाळेत, खड्डे आणि टँकर तिकडचे. मतदार यादीत नाव मात्र गावच्या झेडपी शाळेतल्या केंद्रावर. वर्षभर दिल्लीच्या राजकारणावर तावातावानं बोलायचं आणि मतदानाच्या दिवशी गाडीला जागा नाही म्हणून रूमवर झोपून काढायचं. माझं म्हणणं सरळ आहे. जिथं वर्षातले दहा महिने काढता तिथं नाव हलवा.

कायदाही तेच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १९ प्रमाणं मतदार 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. कलम २० म्हणतं, एखाद्या मतदारसंघात तुमच्या मालकीचं घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. गावात वाडा आहे, कुलूप लावलेलं आहे, याला यादीच्या लेखी किंमत नाही.

बालाघाट:
कलम २० अर्धंच वाचलंत दादा. त्याच कलमात पुढं आहे की तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्या कारणानं रहिवासी राहत नाही असं नाही. कंत्राटावर अकरा महिने चाकणला राहणारा पोरगा 'तात्पुरता' का 'कायमचा', हे कोण ठरवणार? कंत्राट संपलं की तो गावातच येतो.

दुसरं, मताचं वजन. २०२४ च्या लोकसभेला बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नांदेडची पोटनिवडणूक १,४५७ मतांनी. एवढी माणसं तर एका तालुक्यातून ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात. ती सगळी नावं पुण्याच्या वीस लाखांच्या यादीत विरघळवून टाकायची, कामून?

आणि यादी एकच असते हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. लोकसभा, विधानसभेची जी यादी, तीच फोडून ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपीच्या याद्या होतात. 'लोकसभेचं मत पुण्यात, सरपंचाचं गावात' असं जमत नाही. नाव हलवलं की ग्रामपंचायतीचं मत गेलं, आणि गावातून उभं राहायचा हक्कही गेला. तीनशे-चारशे मतांच्या वॉर्डात एका घरची पाच मतं गेली तर त्या गल्लीची नाली कुठवर येणार हे ठरतं.

तूर_सोयाबीन:
मला यात दिल्लीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेलं. ३० मे २०२५ ला ते परत १६.५ वर आणलं. पुण्यात किराणा भरणाऱ्या माणसाला दुसरा निर्णय बरा वाटतो. त्याच माणसाच्या बापाचं सोयाबीन लातूरच्या आडतीवर असतं, त्याला पहिला बरा वाटतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के. ऐन विधानसभेच्या तोंडावर ती १५ टक्के केली. ती का सैल झाली? कारण इथली मतं सोयाबीनवाल्यांची होती. कोथरूडच्या खासदाराकडं ओलाव्याचं गाऱ्हाणं घेऊन कोण जाणार?

म्हणून प्रश्न पत्त्याचा नाही, पोट कशावर आहे त्याचा आहे. घरचं उत्पन्न अजून शेतीचं असेल तर नाव तिथंच ठेवावं.

मांजराकाठ:
पोट बघायचं म्हणता, तर पगार कुठून येतो तेही बघा. किमान वेतन, कंत्राटी भरती, पीएफ, घरभाडं, सहा आसनी रिक्षाचे दर ह्यावर मत द्यायचं कुणी? पुण्यातल्या नगरसेवकाला ठाऊक असतं की ह्या वस्तीतल्या भाडेकरूंची नावं उस्मानाबादच्या यादीत आहेत (धाराशिव म्हणा, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव अजून तेच आहे). म्हणून पाणी शेवटी त्या गल्लीला येतं.

आणि वजनाचं म्हणाल तर यादीत नाव असून न आलेल्या मताचं वजन शून्य. शिवाय आता धोका आहे. बिहारात २०२५ ला विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सगळ्या मतदार यादीची नव्यानं तपासणी झाली, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. मयत आणि दुबार नावं होतीच, पण 'कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत' हा मोठा गठ्ठा होता. बीएलओ (केंद्राची यादी तपासणारा कर्मचारी) घरी आला, कुलूप दिसलं, शेजारी म्हणाला 'ते पुण्याला असतात', की शेरा पडतो. स्वतःहून हलवलेलं नाव कुठंतरी राहतं. दुसऱ्यानं कापलेलं कुठंच राहत नाही.

भाग_क्रमांक:
हलवायचं ठरलंच तर नीट हलवा. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो: माणसं नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरतात. त्यानं जुनं नाव जात नाही, दोन ठिकाणी नोंद होते. १९५० च्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणं दोन मतदारसंघांत नाव चालत नाही. फॉर्मवर 'दुसरीकडं नाव नाही' अशी खोटी घोषणा केली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

बरोबर फॉर्म ८ आहे. निवडणूक आयोगाचं मतदार पोर्टल किंवा ॲप, मोबाइल नंबर, ओटीपी. मतदार कार्डावरचा एपिक नंबर टाकायचा, 'निवासस्थान बदल' निवडायचं, मग मतदारसंघाच्या बाहेर की आत ते सांगायचं. नवा पत्ता, त्याचा एक पुरावा, सही. एपिक नंबर तोच राहतो आणि जुन्या भागातली नोंद त्याच अर्जावर निघते, नाव काढायचा वेगळा फॉर्म ७ लागत नाही. नंतर बीएलओ नव्या पत्त्यावर येतो. तो येतो तेव्हा तुम्ही दुसऱ्या पाळीला असता आणि रूमपार्टनर 'असा कुणी इथं राहत नाही' म्हणून मोकळा होतो. अर्ज फेटाळला जायचं नेहमीचं कारण हेच. घरमालकाला आणि पार्टनरला आधी सांगून ठेवा.

वेळ बघा. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काही बदलत नाही, आणि छाननीला वेळ लागतो म्हणून त्याच्या दहा दिवस आधी अर्ज गेला पाहिजे. २०२४ च्या विधानसभेला अर्जाची मुदत २९ ऑक्टोबर, म्हणून यादीसाठी १९ ऑक्टोबर. आचारसंहिता १५ तारखेला लागली. म्हणजे घोषणा ऐकून जागं होणाऱ्याला चार दिवस. स्थानिक निवडणुकांचं आणखी वेगळं, तिथं एक तारीख ठरवून त्या दिवशीची यादी घेतात. २०२५ ला ती १ जुलै होती.

घाटनांदूरची_सून:
पुरावा आणायचा कुठून ते कुणी बोलेना. लाइटबिल मालकाच्या नावावर, गॅस नवऱ्याच्या नावावर, आधारवर सासरचं किंवा माहेरचंच गाव. भाडेकरार म्हणाल तर पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला, तो चालत नाही, नोंदणीकृत लागतो. मालक नोंदणीला नाही म्हणतात, वर सांगतात की खर्च लई येतो. शहरात नोंदणी फी हजार रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात अनामत रकमेवरचं व्याजही धरतात. आठ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला शुल्क अडीचशेच्या आत-बाहेर. एजंटाचे पैसे वेगळे. आणि भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं करार नोंदवायची जबाबदारी मालकाचीच आहे, हे त्याला सांगा.

सोपा मार्ग म्हणजे आधी आधारचा पत्ता बदला, मग फॉर्म ८. किंवा तिथल्या बँकेत खातं काढून पासबुकावर तो पत्ता छापून घ्या. बायांच्या बाबतीत अजून एक. लग्नानंतर नाव माहेरच्या यादीत राहतं, सासरी कुणी हलवत नाही, आणि मग ती पुण्यात. तीन गावं झाली, मत एकाही ठिकाणी नाही.

बालाघाट:
ताई, तुमचा हिशेब बरोबर, पण तो माझ्याच बाजूचा झाला. दर अकरा महिन्याला रूम बदलणाऱ्यानं दरवेळी हे सगळं करायचं? गावचा पत्ता तेवढा बदलत नाही.

कोयता:
ही सगळी चर्चा पगारदारांची चालू आहे. ऊसतोडीवाल्याचं काय? बीड, धाराशिव, जालन्याच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात, मार्च-एप्रिलात परततात. लोकसभा एप्रिल-मेमध्ये म्हणून माणूस गावात सापडतो. विधानसभा नोव्हेंबरात म्हणून माणूस सांगली-कोल्हापुरात नाही तर कर्नाटकात फडावर. त्यानं नाव हलवायचं कुठं? दरवर्षी कारखाना वेगळा, पालाला पत्ता नाही. 'तात्पुरती गैरहजेरी' हे कलम ह्याच माणसासाठी आहे, त्याचं नाव गावातच पाहिजे.

टपाली मतदान सैनिकाला, निवडणूक ड्यूटीवाल्याला, ८५ वर्षांवरच्यांना, ४० टक्क्यांवरच्या अपंगत्वाला. मजुराला नाही. २०२२ च्या डिसेंबरात निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदान यंत्राचा, म्हणजे बाहेरगावी राहून गावचं मत देता येईल अशा यंत्राचा नमुना पुढं आणला, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ ला पक्षांना बोलावलं. पक्षांनी विचारलं, स्थलांतरित कुणाला म्हणायचं, परराज्यातल्या केंद्रावर आमचा पोलिंग एजंट कसा बसणार, तिथं आचारसंहिता कोण बघणार. प्रश्न खोटे नव्हते. पण उत्तरं शोधायची घाई कुणालाच नव्हती, कारण मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हातात टोळी असणं सगळ्याच पक्षांना सोयीचं.

पूर्णा_जंक्शन:
नाव न हलवणाऱ्यांसाठी प्रवासाचं गणित. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलतं. घोषणेपासून मतदानापर्यंत साधारण पाच-सहा आठवडे असतात, म्हणजे घोषणा झाली तेव्हा त्या तारखेचं आरक्षण आधीच खुलं असतं. पत्रकार परिषद चालू असतानाच तिकीट काढा. चर्चा रात्री करा. आदल्या रात्रीचं जाणं आणि मतदानाच्याच रात्रीचं येणं, दोन्ही एकदम. मतदान सकाळी सातला सुरू होतं, रात्रीची गाडी पकडली तर सुट्टी एकच लागते.

मुंबईहून जालना, परभणी, नांदेडला देवगिरी, नंदीग्राम, तपोवन. तपोवन दिवसाची आहे, तिनं आदल्या दिवशीची रजा जाते. लातूरची गाडी पुणे, दौंड, कुर्डूवाडी, बार्शीवरून. बीडला रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ ला पोचली, तीही अहिल्यानगरपर्यंतची, पुण्याहून मतदानाला यायच्या कामाची नाही. तत्काळ एक दिवस आधी, एसी दहाला, स्लीपर अकराला, आणि आता खात्याला आधार जोडलेलं लागतं. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागताना कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर बिनधास्त बसा.

खासगी ट्रॅव्हल्सनं एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही, हा शासननिर्णय २७ एप्रिल २०१८ चा. तक्रार आरटीओकडं, सोबत तिकिटाचा आणि नंबरप्लेटचा फोटो. बिनफोटोची तक्रार कागदात मरते. बायांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं घरच्या चार जणांचा हिशेब एसटीनंच बसतो.

खरी अडचण सणाची. २०२४ ला भाऊबीज ३ नोव्हेंबरला आणि मतदान २० ला. दिवाळीला आलेला माणूस सतरा दिवसांत परत कसा येणार?

मांजराकाठ:
तेच म्हणतोय मी! एवढा खटाटोप करणारे थोडे. बाकीच्यांना कोण आणतं ते सगळ्यांना माहीत आहे. उमेदवाराची गाडी. मतदारांना केंद्रावर फुकट वाहून आणणं हा १९५१ च्या कायद्यातल्या कलम १२३(५) प्रमाणं भ्रष्ट आचार आहे, कलम १३३ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद. निगडीतून भरून निघालेल्या गाडीत जेवणासकट कोण पैसे देतं, हे न विचारता बसणारं मत 'गावाशी नाळ' म्हणून मोजायचं का?

बालाघाट:
गाडीला नाही म्हणता येतं, स्वतःच्या तिकिटानं येता येतं. सुट्टी हक्काची आहे. त्याच १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणं मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. २०२४ ला नांदेड, परभणी, हिंगोली २६ एप्रिलला होतं आणि पुणे १३ मेला. पुण्यातल्या कंपन्या म्हणाल्या, 'आपलं मतदान तेव्हा नाही.' पण ज्याचं मत नांदेडला त्याला २६ तारखेची सुट्टी द्यावीच लागते. अर्जाला एपिकची आणि यादीच्या पानाची प्रत जोडा, एचआरकडून पोच घ्या. मालकाला दंड फक्त पाचशे रुपये आहे हे खरं, म्हणूनच कुणी घाबरत नाही. तो वाढवा म्हणून कुणी भांडत नाही, नावं हलवा म्हणून मात्र धागे निघतात.

तूर_सोयाबीन:
नाव हलवलं तर रेशन आणि पीएम किसान बंद होतं का, असं दोघांनी विचारलंय. नाही. पीएम किसान जमिनीच्या नोंदीवर, सातबारा महसूलचा, रेशन कोणत्याही दुकानावर अंगठा देऊन उचलता येतं. पण ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला काढायला गेलात की पहिल्यांदा यादीतच नाव बघतात, नियमात असो नसो. घरकुलाच्या यादीत नंबर लागलेला असेल तर ते काम उरकेपर्यंत फॉर्म ८ ला हात लावू नका.

भाग_क्रमांक:
आणि हलवा न हलवा, आजच पोर्टलवर एपिक नंबर टाकून नाव दिसतंय का बघा. यादीचा भाग क्रमांक आणि त्यातला तुमचा अनुक्रमांक लिहून ठेवा. नाव उडालेलं असेल तर मात्र फॉर्म ८ चालत नाही, तिथं फॉर्म ६ च लागतो.