सीबीसीटीवर अडकलेल्या सुळ्याची रुंदी मोजताना दर वेळी वेगळा आकडा येतो

विचारणा (दारव्हा, जि. यवतमाळ)

दारव्ह्याला माझा लहानसा दंत दवाखाना आहे. चौदा वर्षांच्या एका मुलीचा वरच्या डाव्या बाजूचा सुळा टाळूकडे अडकून बसला असल्यामुळे तिचे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन) यवतमाळहून करवून घेतले. त्या सुळ्यासाठी दातांच्या कमानीत किती जागा मोकळी करायची हे ठरवायचे, तर त्याची रुंदी हवी, आणि तो हाडात असल्यामुळे व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) तिथे पोहोचत नाही. सॉफ्टवेअरच्या आडव्या छेदावर मोजली तर ८.९ मिलिमीटर आली, दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा मोजली तेव्हा ८.५ आली, आणि ओपीजीवर (सर्व दातांच्या सपाट एक्स-रेवर) तोच सुळा १० च्या वर दिसतो. पडताळा म्हणून शेजारच्या, किंचित कललेल्या पटाशीच्या दाताकडे वळले, तर प्लास्टरच्या मॉडेलवर व्हर्नियरने ६.८ आणि सीबीसीटीवर ७.२. जो दात हाताने मोजता येतो तिथेच स्कॅन चुकत असेल, तर जो दिसतही नाही त्याच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवावा? पेरणीच्या दिवसांत या कुटुंबाला पुन्हा यवतमाळला पाठवणे मला योग्य वाटत नाही, आणि केवळ मोजमापासाठी मुलीला दुसऱ्यांदा किरणोत्सर्ग देणे तर नाहीच.

उत्तर १ (वर्धा, ऑर्थोडोन्टिक्स, म्हणजे दात सरळ करण्याची शाखा)

मॅडम, ओपीजीचा आकडा आधी बाजूला ठेवा. त्या यंत्रात प्रतिमा मुळातच साधारण २० ते ३० टक्के मोठी येते, आणि आडव्या दिशेची वाढ तर दात यंत्राच्या स्पष्टतेच्या पट्ट्यात नेमका कुठे आहे त्यावर बदलते. टाळूकडचा सुळा किरणांच्या उगमाला जवळ असल्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा अधिक फुगलेला दिसतो. सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे, याचा अंदाज आपण त्याच फुगीरपणावरून बांधतो. त्यामुळे जागा ओळखण्यासाठी ओपीजी ठीक, पण मापासाठी नाही.

सीबीसीटीमधील आपली अडचण बहुधा यंत्राची नसून छेदाची आहे. सॉफ्टवेअरचा मूळ आडवा छेद डोक्याला आडवा असतो, दाताला नव्हे. दात जितका कललेला, तितका तो छेद त्याला तिरका कापतो आणि रुंदी फुगते, जसा ऊस तिरका तोडला की कापलेली गोल कड लांबट दिसते तसे. वीस अंशांचा कल असेल तर सुमारे ६ टक्के वाढ होते, म्हणजे ६.८ चे ७.२ होतात, आणि आपल्या पटाशीचा आकडा नेमका तोच आहे. तीस अंशांना ही वाढ १५ टक्क्यांवर जाते, तेव्हा सुळ्याच्या ८.९ मागे खरी रुंदी ७.७ च्या आसपास असू शकते. छेदाच्या रेषा फिरवून एक रेषा दाताच्या टोकापासून मुळाच्या शेंड्यापर्यंतच्या अक्षावर बसवा, दुसरी त्याला काटकोनात घ्या, आणि मुकुटाच्या (मूळ सोडून उरलेल्या दाताच्या) सर्वांत रुंद भागापाशी मोजा. तसेच, मुलीचा उजवा सुळा उगवलेला असल्यास तो व्हर्नियरने मोजून ठेवा. दोन्ही बाजूंचे सुळे हुबेहूब सारखे नसतात, पण मिलिमीटरभर फरक आला तर आपण कुठेतरी चुकलो असे समजावे.

उत्तर २ (नागपूर, स्कॅन केंद्रात काम)

वरील उत्तराशी सहमत आहे. माझ्या बाजूचे थोडे सांगतो. आपण मोजता ते डायकॉम फाइलीवर (स्कॅनच्या मूळ फाइलीवर) की व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्रावर, हे आपण लिहिलेले नाही. चित्राला स्वतःचे प्रमाण नसते, आणि फिल्मवरच्या प्रिंटवर पट्टी ठेवून मोजणारे डॉक्टरही मला भेटले आहेत. सीडीतील मूळ फाइलीतच एका व्हॉक्सेलचा (त्रिमितीय चित्रातल्या सर्वांत लहान ठोकळ्याचा) आकार नोंदलेला असतो. दोन्ही जबडे एकत्र घेतलेल्या स्कॅनमध्ये तो अनेकदा ०.३ किंवा ०.४ मिलिमीटर ठेवतात, आणि दाताला दोन कडा असल्यामुळे प्रत्येक कडेवर अर्धा-एक व्हॉक्सेल इकडेतिकडे झाला तरी आपला कालचा आणि आजचा आकडा वेगळा येणार. कडेवरच्या व्हॉक्सेलमध्ये अर्धे एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण) आणि अर्धे शेजारचे काही असते व त्याची छटा सरासरीची येते, त्यामुळे पडद्याची उजळता बदलली तरी दात जाड-बारीक दिसतो. मोजताना ती एकच ठेवा. सीबीसीटीच्या राखाडी छटा यंत्रागणिक बदलतात, म्हणून दाताची कड ओळखण्यासाठी एका केंद्रावर ठरवलेली छटेची मर्यादा दुसऱ्या केंद्राच्या स्कॅनला लावू नये.

आपल्याला अनुकूल अशी एक गोष्ट मात्र आहे. उगवलेल्या दातांमध्ये शेजाऱ्याचे एनॅमल एनॅमलला टेकलेले असते आणि स्कॅनवर दोघांमधली सीमा जवळजवळ पुसली जाते. अडकलेल्या सुळ्याभोवती मात्र कोशाची (न उगवलेल्या दाताभोवतीच्या मऊ पिशवीची) काळी किनार असते, त्यामुळे त्याची कड अधिक स्वच्छ मिळते. पटाशीवर स्कॅन चुकले म्हणून सुळ्यावरही तितकेच चुकेल, असे म्हणता येत नाही.

उत्तर ३ (चंद्रपूर)

मला यात एक गोष्ट खटकते. मॅडमनी दोन दिवसांत दोन आकडे काढले आणि प्रश्न स्कॅनला विचारला. आधी मोजणाऱ्याची चूक किती, ते काढावे. दहा-बारा दात मोजून कागद बंद करून ठेवावा, दोन आठवड्यांनी तो न पाहता पुन्हा मोजावे, प्रत्येक जोडीतील फरकाचा वर्ग करावा, त्यांची बेरीज जोड्यांच्या दुपटीने भागावी आणि वर्गमूळ घ्यावे. डालबर्गचे हे सूत्र १९४० पासून वापरात आहे. व्हर्नियरला आणि स्कॅनला हेच लावावे. दोन पद्धतींचा सहसंबंध (त्यांचे आकडे सोबतच वाढतात-घटतात का, हे) चांगला आला म्हणून त्या जुळतात असे मात्र मानू नये. एक पद्धत नेहमीच अर्धा मिलिमीटर जास्त दाखवत असली तरी सहसंबंध उत्तमच येतो. शिवाय मॉडेललाही देव मानू नका, मे महिन्यात अल्जिनेटचा (मॉडेलसाठी दातांवर दाबण्याच्या मऊ द्रव्याचा) ठसा तासभर उघडा राहिला तर तो आपल्याकडच्या उन्हाळ्यात आकसतोच.

विचारणा करणाऱ्याकडून, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. मी डायकॉमवरच मोजत होते, पण छेद मूळचाच वापरत होते, व्हॉक्सेल ०.३ निघाला. अक्ष बसवल्यानंतर पटाशी ६.९ आली आणि सुळा ७.८. उजवा सुळा व्हर्नियरने ७.६ आहे. बारा दात दोनदा मोजले तेव्हा माझी स्वतःची चूक आडव्या छेदावर ०.३ होती, ती अक्ष बसवल्यावर ०.१ वर आली.

आणखी एक पडताळा आपोआप मिळाला. गर्दीमुळे या मुलीच्या वरच्या दोन पहिल्या उपदाढा काढायच्याच होत्या. काढण्याआधी त्या स्कॅनवर मोजून ठेवल्या (७.३ आणि ७.२) आणि काढल्यावर धुऊन व्हर्नियरने मोजल्या, तेव्हा ७.१ आणि ७.० भरल्या. म्हणजे टेकलेल्या दातांवर माझे स्कॅनचे माप साधारण ०.२ ने जास्त येते असे दिसते, जरी दोनच दातांवरून फार बोलू नये. सुळ्यासाठी मी ८ मिलिमीटर जागा धरली आहे आणि ती मोकळी करणारी स्प्रिंग बसवली आहे.