मांजराला पाव गोळी पॅरासिटामॉल चालते का?

दिवाडकर:
बोका, साडेतीन किलो. दुपारपासून मागचा एक पाय टेकत नाही, खाणंपिणं ठीक. घरात पॅरासिटामॉल 500 आहे. आज रात्रीपुरती पाव गोळी दिली तर? सकाळच्या फेरीबोटीने पणजीला डॉक्टरांकडे नेणार.

काळीमनी:
पाव काय, चिमूटभरही नको. पाव गोळी म्हणजे 125 मिग्रॅ, तुमच्या बोक्याला किलोमागे जवळपास 36. किलोमागे 10 नेही मांजरांना विषबाधा झालेली आहे. आपलं यकृत हे औषध ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून लघवीवाटे काढतं; मांजरात ते जोडणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच. मग विषारी घटक रक्तात साठतात, हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं आणि त्याला प्राणवायू वाहता येत नाही. मुलांचं सिरप ‘सौम्य’ समजू नका: 5 मिलीत 250 असेल तर एक चमचा म्हणजे अर्धी गोळी.

गोळीवाला:
कुणी आधीच दिली असेल तर ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबीऐवजी तपकिरी, चिखलासारख्या दिसल्या, धाप लागली, तोंड किंवा पंजे सुजले, तर लगेच निघा. खरं तर लक्षणांची वाटच बघू नका. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका; दुधाने विष उतरत नाही. उतारा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा: पहिला डोस किलोमागे 140 मिग्रॅ, पुढे दर 6 तासांनी 70. मिलीला 200 मिग्रॅच्या अँप्यूलमधून साडेतीन किलोला सुमारे अडीच मिली, पातळ करून शिरेतून. द्यायचं डॉक्टरांनीच, पण दवाखान्यात आहे का ते फोनवर विचारा. नसेल तर ते सांगतील तशी माणसांच्या फार्मसीतून आणा. गोळीचं पाकीट आणि दिल्याची वेळ सोबत न्या.

शेपटी:
कॉम्बिफ्लॅम तर दुहेरी विष: 400 आयबुप्रोफेन, 325 पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बसतात. आणि गुडघ्याला डायक्लोफेनॅक जेल चोळून मांजराला मांडीवर घेऊ नका, ते चाटतं.

दिवाडकर:
मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध मांजरांना देतात असं ऐकलंय?

काळीमनी:
देतात, पण द्रवरूप, वजनावर मोजून, मूत्रपिंडं ठीक असतील तरच. रोजची मात्रा सहसा किलोमागे 0.05 मिग्रॅ; माणसांची साडेसातची गोळी तुमच्या बोक्याला त्याच्या चाळीसपट होते. आज रात्री त्याला लहान खोलीत ठेवा, उडी मारायला काही नको, पाणी आणि वाळूचा ट्रे जवळ. पाय मात्र हाताने चाचपा. दुसऱ्या पायापेक्षा गार लागला, तळव्याची गादी निळसर दिसली आणि तो कळवळून ओरडत असेल, तर पायाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असू शकते. मग सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करून फेरीबोट गाठा.