शाळांच्या छपरांवर सोलर बसवून शिक्षकांच्या नोकऱ्या वाचतील का?

रानजाई (मध्य न्यू जर्सी)

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) पुढच्या वर्षाचं बजेट मांडलं गेलंय. कापायच्या यादीत संगीताच्या शिक्षिका आहेत, एक ग्रंथपाल आहे आणि कर्टसी बसही आहे. न्यू जर्सीबाहेरच्यांसाठी सांगते: आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांच्या आत आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांच्या आत असेल, तर बस देणं डिस्ट्रिक्टला कायद्याने बंधनकारक नाही. तरीही दिली तर ती कर्टसी बस. पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते.

त्याच बैठकीत बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, दुसरा प्रस्ताव आणला: सगळ्या शाळांची छपरं आणि हायस्कूलचं पार्किंग यांवर सोलर पॅनेल. लगेच आमच्या भागातल्या मराठी पालकांमध्येच दोन तट पडले. "शिक्षक काढताय आणि पॅनेल कसली बसवताय?" असं बरेच जण विचारतायत.

मी प्रस्तावाच्या बाजूने आहे. कोविडच्या काळात केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्यांचं वाटप ठरवण्याची शेवटची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, पण त्या पैशातून भरलेल्या जागांचे पगार चालूच आहेत. इकडे २०१० च्या कायद्याने प्रॉपर्टी टॅक्सची वसुली काही अपवाद सोडून वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आणि वीज? जून २०२५ पासून न्यू जर्सीत बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. उत्पन्न दोन टक्क्यांत बांधलेलं आणि वीज वीस टक्क्यांनी महाग, तर फरक वर्गखोलीतूनच निघणार.

आर्कान्सामधल्या बेट्सव्हिलचं उदाहरण बघा. लहानसं गाव. २०१७ च्या ऊर्जा-तपासणीत दिसलं की सोलर आणि दुरुस्त्या मिळून २० वर्षांत किमान २४ लाख डॉलर वाचू शकतात. त्यांनी हायस्कूलजवळच्या पडीक जागेत १,४०० वर पॅनेल लावली आणि दिवे, खिडक्या, एसी-हीटिंग बदललं. अडीच लाखांच्या तुटीत असलेलं डिस्ट्रिक्ट तीन वर्षांत १८ लाखांच्या शिलकीत आलं आणि शिक्षकांचे पगार सरासरी दोन-तीन हजारांनी वाढले. मग आपण का करू नये?

हिशेबनीस

बेट्सव्हिल प्रत्येक सोलर विक्रेत्याच्या सादरीकरणात असतं, म्हणून त्याचं गणित एकदा नीट करू. २४ लाख भागिले २० म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. तूट २.५ लाखांची आणि शिल्लक १८ लाखांची, म्हणजे २० लाखांहून जास्त फरक पडला. १.२ लाखांच्या बचतीतून तो पडत नाही. "किमान" हा शब्द सोडून बचत दुप्पट-तिप्पट धरली तरी पडत नाही. त्या तीन वर्षांत तिथे आणखीही काही बदललं असणार, पण बातमीत श्रेय गेलं पॅनेलना. शिवाय ती बचत दिवे, खिडक्या आणि यंत्रणा धरून आहे.

दुसरं, शाळेच्या बजेटमध्ये वीज असते किती? अमेरिकेतल्या शाळांचं ऊर्जेचं एकूण बिल वर्षाला सुमारे ८ अब्ज डॉलर सांगितलं जातं. शाळांवरचा एकूण खर्च ८०० अब्जांच्या पुढे आहे. म्हणजे शंभरातला एक डॉलर. चालू खर्चातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास पगार आणि आरोग्यविम्यासारख्या लाभांत जातात. खड्डा तिथे आहे. एक टक्क्याच्या खात्यात कितीही काटकसर केली तरी तो कसा बुजणार?

मी सोलरच्या विरोधात नाही. सोलर बसवलं की नोकऱ्या वाचतील असं पालकांना सांगण्याच्या विरोधात आहे.

रानजाई

एक टक्का म्हणून सोडून देऊ नका. समजा डिस्ट्रिक्टचं बजेट १० कोटी डॉलरचं आहे. एक टक्का म्हणजे १० लाख. त्यातले निम्मे वाचले तर ५ लाख, आणि लाभ धरून एका शिक्षकामागे १ लाख खर्च येतो असं मानलं तर पाच शिक्षक झाले. आमच्या यादीत त्याहून कमी नावं आहेत.

हिशेबनीस

निम्मे वाचणार नाहीत. त्या १० लाखांत गॅसही आहे, आणि आपल्या थंडीत गॅसचं बिल लहान नसतं. पॅनेलचा त्याला स्पर्शही होत नाही. उरली वीज. शाळेचं वीजबिल घरासारखं फक्त युनिटवर नसतं, त्यात डिमांड चार्ज असतो. महिन्यातल्या ज्या थोड्या मिनिटांत शाळेने सगळ्यात जास्त वीज एकदम खेचली, त्या कमाल भारावर तो आकारतात. जानेवारीत सकाळी सात वाजता इमारत तापवायला पंखे-पंप सुरू होतात तेव्हा सूर्य नुकता उगवत असतो. युनिट कमी होतील, डिमांड चार्ज जवळपास तसाच राहील. त्यात पॅनेल कंपनीच्या मालकीची असतील तर तिच्या विजेचेही पैसे द्यायचे. हे सगळं वजा करा आणि मग सांगा किती शिक्षक उरतात. माझ्या अंदाजाने एक, फार तर दीड.

रानजाई

एक म्हणजे आमच्या मुलांची ग्रंथपाल. मला तेवढंही पुरेसं आहे.

काटेसावर (ससेक्स काउंटी, न्यू जर्सी)

दोघेही बचत होणार हे गृहीत धरून बोलताय. मी अशा काउंटीत राहतो जिथे उलटं झालं.

२०१० च्या सुमारास मॉरिस काउंटीने एक रचना काढली. सरकारी प्राधिकरणाने बाँड काढायचे, खाजगी कंपनीने शाळा आणि नगरपालिकांच्या इमारतींवर पॅनेल बसवायची, शाळांनी स्वस्तात वीज घ्यायची. कंपनीला मुख्य पैसा मिळणार होता तो सौर प्रमाणपत्रांतून. एक हजार युनिट सौरवीज बनली की एक प्रमाणपत्र, आणि वीजकंपन्यांना ती विकत घेणं कायद्याने भाग. पहिली फेरी नीट पार पडली. मग २०११ मध्ये मॉरिस, सॉमरसेट आणि ससेक्स या तीन काउंटी मिळून ८.८ कोटी डॉलरच्या दुसऱ्या फेरीत उतरल्या. तोवर राज्यात इतकी पॅनेल लागली की प्रमाणपत्रांचा भाव सहाशेवरून शंभर-दोनशेच्या घरात आला. कंपनी आणि कंत्राटदार एकमेकांविरुद्ध उभे राहिले, कामं अर्धवट राहिली, आणि २०१५ मध्ये तडजोड झाली तेव्हा भुर्दंड करदात्यांवर आला. बाँडची हमी काउंटीची होती.

त्या शाळांनाही आधी हेच सांगितलं होतं की तुम्हाला काहीच धोका नाही.

पाणवठा

काटेसावर, इतिहास बरोबर आहे, पण त्यातून सोलर वाईट असा अर्थ निघत नाही. भावाच्या चढउताराचा धोका कंपनीने घ्यायचा होता आणि हमी काउंटीने देऊन ठेवली, तिथे बिनसलं. मी इमारतींच्या ऊर्जा-करारांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं लांबून लिहितो.

शाळेपुढे दोन वाटा असतात. पहिली पीपीए: पॅनेल कंपनीची, छप्पर शाळेचं, शाळा ठरलेल्या दराने वीज घेते. न्यू जर्सीत सरकारी संस्थांना असा करार १५ वर्षांपर्यंत करता येतो. पदरचे पैसे लागत नाहीत, म्हणून बोर्डांना ही वाट आवडते. पण करारात दर दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी वाढवायचं कलम असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्या वर्षीची बचत दाखवून सही घेतात. दहाव्या वर्षी बाजारभाव काय असेल, यावर पुढचं सगळं.

दुसरी वाट स्वतःच्या मालकीची. शाळा आयकर भरत नाही, त्यामुळे सोलरवरची करसवलत तिला पूर्वी घेताच येत नव्हती. २०२२ च्या कायद्याने ती अडचण काढली. अटी पाळल्या तर खर्चाच्या ३० टक्के रक्कम केंद्राकडून थेट मिळू लागली. पण २०२५ च्या जुलैत आलेल्या कायद्याने दार परत लोटलंय. काम ४ जुलै २०२६ पर्यंत सुरू व्हायला हवं, नाहीतर २०२७ संपायच्या आत वीज सुरू व्हायला हवी. बोर्ड आत्ताच का घाई करतंय त्याचं उत्तर यात आहे.

छपराचं वयही विचारा. पॅनेल २५ वर्षं टिकतं. छप्पर आणखी आठ वर्षांत बदलायचं असेल तर तेव्हा सगळी पॅनेल उतरवून पुन्हा चढवायचा खर्च कुणाचा, हे करारात लिहिलेलं असायला हवं. पार्किंगवरच्या मांडवाला हा त्रास नाही, पण लोखंडी सांगाड्यामुळे तो छपरापेक्षा बराच महाग पडतो.

काटेसावर

घाई आहे म्हणूनच भीती आहे. मुदत डोक्यावर असली की कलमं वाचली जात नाहीत. २०११ मध्येही सवलती हातच्या जातील असंच सांगत होते.

सागरगोटा (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नियम मध्येच बदलतात, हेही जमेत धरा. आमच्याकडे एप्रिल २०२३ नंतर अर्ज केलेल्यांना ग्रिडला (वीजकंपनीच्या जाळ्याला) दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीपेक्षा फारच कमी मिळतो. एकाच आवारात अनेक मीटर असलेल्या शाळांसाठीचे नियमही त्याच वर्षी नोव्हेंबरात कडक झाले. शाळांना हे जास्त लागतं, कारण ऊन सर्वांत जास्त जून-जुलैत आणि तेव्हाच इमारती रिकाम्या. उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली वीज हिवाळ्यात त्याच भावाने परत मिळाली तर हिशेब जुळतो. आर्कान्सानेही २०२३ मध्ये नियम बदलले. आधीच्या प्रकल्पांना संरक्षण आहे, पण आज तिथल्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टला बेट्सव्हिलच्या अटी मिळणार नाहीत. न्यू जर्सीत ग्रिडला दिलेली वीज अजून पूर्ण दराने बिलातून वळती होते, हे तुमचं बळ आहे. ते आहे तोवर करून घ्या.

फळाखडू (जि.प. शिक्षक, मराठवाडा)

अमेरिकेचा धागा आहे, तरी लिहितो, कारण विषय आमच्याही रोजचा आहे.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला समग्र शिक्षामधून संयुक्त शाळा अनुदान मिळतं ते पटावर. ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. २०१५ नंतर लोकवर्गणीतून शाळाशाळांत डिजिटल वर्ग झाले, गावाने प्रोजेक्टर दिले, पण बिल कोण भरणार ते ठरलंच नाही. कितीतरी शाळांचं कनेक्शन थकबाकीपायी तुटलं.

मग काही ठिकाणी देणगीतून सोलर आलं. बॅटरीवरचं. दोन-तीन वर्षं छान चाललं, आणि बॅटरी गेली तेव्हा नवी घ्यायला खातंच नव्हतं. पॅनेल अजून छपरावर आहेत, वर्गात वीज नाही. देणाऱ्याने एकदा दिलं, जपणुकीचे पैसे कुणीच धरले नाहीत. ताई, तुमच्या प्रस्तावात इन्व्हर्टर बदलण्याचे पैसे कुठल्या वर्षी, कुठल्या खात्यातून, हे लिहिलंय का ते आधी बघा. माझं मत विरोधात धरू नका. ज्या शाळांनी महावितरणशी नेट मीटर (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणारा) जोडून घेतलाय आणि शाळा व्यवस्थापन समिती लक्ष घालते, तिथलं बिल खरोखर नावापुरतं उरलंय.

रानजाई

सर, हा प्रश्न आमच्याकडे एकानेही विचारलेला नाही. प्रस्तावाची पानं पुन्हा चाळली. पीपीए असल्याने इन्व्हर्टर कंपनीच्या माथी आहे, पण छप्पर बदलायची वेळ आली तर खर्च कुणाचा यावर एक ओळही नाही. दरवर्षीची दरवाढ २.५ टक्के लिहिली आहे.

हिशेबनीस

मग गोळाबेरीज करून बघा. बिलं एकदम वीस टक्क्यांनी चढलेल्या वर्षात तुलना केली तर कुठलाही करार स्वस्तच दिसतो. पुढे वीज वर्षाला दीडच टक्क्याने वाढली तर काय होतं, तो तक्ता मागा. आणि बचत जनरल फंडात विरघळू देऊ नका. दरवर्षीच्या बजेटमध्ये "सोलरमुळे वाचलेले" अशी स्वतंत्र ओळ आणि ती वर्गातल्या पदांवरच खर्च होईल असा ठराव, दोन्ही असतील तर माझा विरोध उरत नाही.

चांदणवेल (एडिसन)

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण एक कळतं. माझ्या मुलीची बस या सप्टेंबरात बंद होणार आहे. पॅनेलची वीज सुरू व्हायला दीड-दोन वर्षं लागतील. सकाळी पावणेआठला मी कामावर असते आणि शाळेच्या वाटेवर चार पदरी रस्ता आहे. दोन वर्षांनंतरच्या बचतीने या वर्षीची बस वाचत नाही. बोर्ड हे दोन विषय एका बैठकीत आणून कपातीवरची चर्चा पॅनेलकडे वळवतंय, असं मला वाटतं. मी तरी विरोधात बोलणार आहे.

रानजाई

चांदणवेल, बसचा मुद्दा सोलरच्या हिशेबात येत नाही, हे खरंच आहे. तो राज्याच्या अनुदानाचा विषय आहे. २०१८ च्या कायद्याने अनुदानाचं सूत्र बदललं आणि त्यानंतर काही डिस्ट्रिक्टचं अनुदान वर्षानुवर्षं कमी होत गेलं. त्यासाठी ट्रेंटनला, राज्याच्या राजधानीत, आमदारांकडे जावं लागेल, बोर्डाच्या हातात फारसं नाही. पण पॅनेल नाकारल्याने बस परत येणार नाही, आणि दोन वर्षांनी आपण याच जागी वीस-पंचवीस टक्के महाग विजेसह उभे असू.

सुनावणीत बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी माझ्या तीन मिनिटांत दीड टक्केवाला तक्ता, छपराच्या खर्चाचं कलम आणि बजेटमधली स्वतंत्र ओळ मागणार आहे. तुम्ही तुमच्या तीन मिनिटांत बस मागा. क्रमांक लावून सलग बोलायचं असेल तर मला निरोप करा, नावं आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावी लागतात.

चांदणवेल

निरोप केलाय. बसवर बोलेन. पॅनेलना पाठिंबा मात्र ते छपराचं कलम लेखी आल्यावरच.