आनंदच्या काळ्या मोहऱ्यांच्या विजयातील १९ व्या चालीविषयी मदत हवी आहे

विश्वनाथन आनंद यांनी २०१३ च्या टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेत ग्रँडमास्टर लेव्हॉन अरोनियन यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या २३ चालींत जिंकलेला डाव मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवत आहे. सेमी-स्लाव्ह बचावाच्या (डावाची सुरुवात करण्याची एक पद्धत) मेरान प्रकारातील हा डाव बहुतेक सभासदांनी पाहिलेला असेलच, त्यामुळे सुरुवातीच्या चाली देत नाही.

सोळाव्या चालीपर्यंत मुलांना काही अडचण येत नाही. सी५ (सी स्तंभातील पाचवे घर) वरचा आपला उंट मरत असताना काळा डी७ चा घोडा ई५ वर आणून तोही देऊ करतो; पांढऱ्याने एफ स्तंभातील प्याद्याने तो मारला, तर काळा वजीर डी४ वर शह देतो, पांढरा राजा कोपऱ्यात जाताच काळा जी१ वर वजिराचा बळी देतो आणि जी४ चा घोडा एफ२ वर मात करतो. ई२ वर आलेल्या स्वतःच्याच उंटामुळे पांढऱ्या वजिराची वाट बंद होते, हे पाहून मुले अक्षरशः टाळ्या वाजवतात. (ही तयारी मुळात २०१२ च्या बोरिस गेल्फंड यांच्याविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठीची होती, आणि डावाचा बाज जुने नामवंत खेळाडू रुबिन्स्टाइन यांच्या १९०७ मधील वुच (पोलंडमधील शहर) येथील डावाची आठवण करून देतो.)

अडचण पुढे आहे. एकोणिसाव्या चालीत पांढऱ्या घोड्याने एफ८ चा हत्ती मारल्यावर काळा तो घोडा परत न मारता शांतपणे एफ५ खेळतो. या चालीने पांढऱ्या वजिराची एच७ कडे जाणारी तिरपी रेषा बंद होते, सी३ च्या घोड्याला ई४ चे घर मिळत नाही आणि काळा वजीर एच४ वर येण्याची धमकी उभी राहते, एवढे मी समजावू शकतो. परंतु त्याऐवजी हत्तीने घोडा मारला आणि पांढऱ्याने घोडा ई४ वर आणून बी७ च्या उंटाची रेषा अडवली, तर काळ्याचा हल्ला खरोखरच संपतो का, की तरीही त्याचीच बाजू वरचढ राहते?

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला. वीसाव्या चालीत पांढरा घोडा जी६ वर जातो तो एच४ चे घर राखण्यासाठी. मग काळा वजीर एफ६ वर आल्यावर पांढऱ्याने एच३ न खेळता तोच घोडा ई५ वर का नेऊ नये? वजीर एच४, प्यादे एच३, वजीर जी३ असे झाले, तरी ई५ चा घोडा जी४ वर मारून एच२ वाचवतो. इथे काळ्याने नेमके कसे खेळावे?

कृपया केवळ संगणकाचे गुणांकन न देता, दहा-बारा वर्षांच्या मुलांना पटावर मांडून दाखवता येतील अशा चाली सांगाव्यात.